पितरांची तिथी

मृतांचे स्मरण करणे ही बहुतेक सर्व देशांतील चाल आहे. रीती मात्र निरनिराळ्या. मेक्सिको देशात १ नोव्हेंबर रोजी मृत बालकांचे व २ नोव्हेंबर रोजी मोठ्या माणसांचे स्मरण करतात. झेंडूची फुले, दिवे व त्यांच्या आवडीचे पदार्थ मांडून जणू पाहुण्यांची वाट पाहतात. आपल्याकडील झेंडूही मूळचा तिकडचाच.

आम्हां वऱ्हाडकरांस ही रीत परकी वाटू नये. आमच्या मालेगाव भागातही भाद्रपद वद्य पक्षात ज्याच्या त्याच्या तिथीस पान वाढतात व कावळ्यास घास ठेवतात. अहेवपणी मरण आलेल्या स्त्रियांसाठी अविधवा नवमी आहे. आणि ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सर्वपित्री अमावास्या.

ही शेवटली योजना आम्हांस विशेष थोर वाटते. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीने वऱ्हाडात हाहाकार उडविला. अशा वेळी गेलेल्यांची तिथी कोणी टिपून ठेवावी? त्यांनाही या दिवशी पान मिळते.

यास्तव विद्यार्थ्यांनी घरच्या वृद्धांस पूर्वजांची नावे विचारून ती लिहून ठेवावीत. तिथीची उणीव अमावास्या भरून काढील. विसरलेले नाव मात्र ती परत आणू शकणार नाही.