विनानांगरणी सोयाबीन आणि तणनाशकाची वेळ

कृषी अर्थशास्त्रात जमीन, श्रम आणि भांडवल यांची चर्चा विस्ताराने होते. दिवसांच्या टंचाईची क्वचितच. विनानांगरणी शेतीत ही टंचाई ठळकपणे दिसते.

रायगड जिल्ह्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी भातासाठी विकसित केलेले सगुणा तंत्र हे या पद्धतीचे परिचित उदाहरण होय. गादीवाफे कायम ठेवून आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच कुजू दिली जातात. मराठवाडा व विदर्भातील काही शेतकऱ्यांनी हेच तत्त्व सोयाबीनला लावले. मशागतीचा खर्च आणि मातीची धूप कमी होते. परंतु वखर आणि कोळपे यांचा आधारही सुटतो.

सोयाबीन पहिले सुमारे ४५ दिवस तणांपुढे दुबळे असते. पेरणीपूर्वी उगवलेली हराळी, लव्हाळा यांसाठी बिननिवडक तणनाशक लागते. त्यांपैकी ग्लायफोसेटचा वापर केंद्राच्या ऑक्टोबर २०२२ च्या अधिसूचनेने कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. आरोग्याचा हा प्रश्न लहान शेतकऱ्यासाठी खर्चाचाही आहे. पेरणीनंतर दोन-तीन दिवसांत, उगवणीपूर्वी, ओल असताना पेंडीमेथॅलिन फवारतात.

खरी कसोटी त्यानंतरची. पेरणीनंतर १५ ते २० दिवसांनी, तण दोन ते चार पानांचे असताना, इमॅझेथापायर (हेक्टरी १०० ग्रॅम क्रियाशील घटक) परिणामकारक ठरते. नेमकी हीच वेळ जुलैच्या झडीची. पाऊस उघडताच गावातील प्रत्येकाला त्याच दिवशी पंप आणि मजूर हवे असतात. मजुरी वाढते आणि अल्पभूधारकाची पाळी शेवटी येते. तोपर्यंत तण वाढलेले असते. औषधाचा खर्च तेवढाच, परिणाम मात्र अर्धवट.

नांगरलेल्या शेतात चुकलेली वेळ वाफसा येताच कोळपणीने काही अंशी भरून काढता येते. येथे उरते ती खुरपणी. तिच्यावर एकरी २,६६४ रुपये गेले असे समजा: २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने अर्धा क्विंटल सोयाबीन त्यातच संपते. बाजारभाव हमीभावाखाली असेल तर त्याहून अधिक. २०२४-२५ मध्ये तो तसाच होता.

म्हणून विनानांगरणीच्या प्रसारात अनुदानित औषधापेक्षा वेळेवर मिळणारी फवारणी सेवा अधिक मोलाची. अवजारे भाड्याने देणारी केंद्रे आणि १५,००० महिला बचत गटांसाठी २०२३ मध्ये मंजूर झालेली नमो ड्रोन दीदी योजना याच दृष्टीने अभ्यासावी. अर्थात ड्रोनलाही पाऊस थांबण्याची वाट पाहावीच लागते. उघडिपीच्या मोजक्या तासांत तो किती एकर उरकतो, एवढाच त्याचा लाभ.