बांबू कोणाचा? मेंढा-लेखाचा धडा



बांबू हे झाड की गवत? विज्ञानाच्या दृष्टीने उत्तर सोपं आहे. बांबू हा गवताच्या कुळातला. पण १९२७ च्या भारतीय वन कायद्याने बांबूला झाडांमध्ये धरलं होतं. झाड म्हटलं की ते वनविभागाच्या ताब्यात. मग जंगलाशेजारी राहणाऱ्या माणसाला त्या बांबूची फक्त मजुरी मिळायची. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूला गौण वनउपज म्हटलं. म्हणजे मोहफुलं, तेंदूपत्ता, डिंक, मध यांच्यासारखंच, गावकऱ्यांनी गोळा करून विकायचं उत्पन्न. बघा, एक शब्द बदलला आणि हक्क बदलला!

पण कायदा कागदावर आला म्हणजे तो गावात पोहोचला, असं होत नाही. तो पोहोचवला गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा या छोट्याशा गोंड आदिवासी गावाने. २००९ मध्ये या गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळालेल्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी हे एक. तरीही बांबू विकायचा तर वाहतूक परवाना लागे, आणि तो देण्याचा अधिकार वनविभागाकडेच होता. माल आपला, पण गावाबाहेर नेता येत नाही, अशी गत! अखेर २७ एप्रिल २०११ रोजी परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं.

आता तुम्ही विचाराल, 'गावाला हक्क दिला तर गाव सगळं जंगल तोडून विकणार नाही का?' प्रश्न रास्त आहे. उत्तर बांबूच्या बेटातच आहे. बेटात दर पावसाळ्यात नवे कोंब येतात. जुने, पक्व बांबू काढले आणि कोवळे राखले, तर बेट वर्षानुवर्षं उत्पन्न देतं. सरसकट कापलं, तर बेटच बसतं. ज्याला ठेका संपला की निघून जायचं आहे, त्याला पुढच्या वर्षाची काय चिंता? पण ज्याची मुलंही याच जंगलावर जगणार आहेत, तो कोवळ्या बांबूला हात लावताना दहा वेळा विचार करतो. म्हणून पोट भरणं आणि जंगल राखणं या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी नाहीत. हक्क कायमचा असेल, तर त्या एकमेकींना धरून चालतात.

पण नुसता हक्क पुरत नाही, शिस्तही हवी. मेंढ्यात निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. वेळ लागतो हे खरं, पण सगळ्यांनी मिळून केलेला नियम मोडायला कोणी सहसा धजत नाही. चर्चेला माहितीचा आधार मिळावा म्हणून गावात अभ्यासगट आहेत. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी ही पद्धत रुजवण्यासाठी अनेक वर्षं खपून काम केलं.

या गोष्टीचा एक धागा थेट आपल्या वर्धा जिल्ह्यात येतो. ज्या विनोबांनी ग्रामदानाचा विचार देशभर पायी फिरून सांगितला, त्यांचा आश्रम आपल्या पवनारला, धाम नदीच्या काठी. ग्रामदान म्हणजे जमिनीची मालकी ग्रामसभेकडे द्यायची, कसणारा मात्र आपली जमीन कसत राहतो. महाराष्ट्रात त्यासाठी १९६४ चा कायदा आहे. २०१३ मध्ये मेंढ्याने त्याच वाटेने जायचं ठरवलं. आधी जंगल सामूहिक, मग शेतीही!

आपल्या जिल्ह्यातही सेलू, आर्वी, कारंजा, आष्टी या भागांत जंगल आहे, बोर व्याघ्र प्रकल्प आहे. जंगलाला लागून राहणाऱ्या गावांची गुरं, सरपण, मोह, तेंदूपत्ता हे सगळं या जंगलाशी जोडलेलं आहे. तिथे वाघही राहिला पाहिजे आणि माणूसही. दोघांचा मेळ कसा बसवायचा, हे गावाला विचारल्याशिवाय ठरवलं, तर तो टिकेल का?

स्वाध्याय
१. तुमच्या आजी-आजोबांना विचारा : त्यांच्या लहानपणी जंगलातून घरी काय काय यायचं? आज त्यातलं काय येतं? यादी करा.
२. 'निस्तार हक्क' म्हणजे काय, ते गावातल्या जाणत्या माणसाकडून समजून घ्या.
३. बहुमत आणि सर्वसहमती यांतला फरक वर्गातला एखादा खरा निर्णय दोन्ही पद्धतींनी घेऊन पाहा. कोणता नियम जास्त दिवस पाळला गेला, ते लिहा.