कॅमेऱ्याच्या आतला अदृश्य दिवा

मुलांनो, टीव्हीच्या रिमोटचे बटण दाबले की त्यातून प्रकाश बाहेर पडतो. पण तो आपल्याला दिसत नाही. हेच अवरक्त किरण होत. विल्यम हर्शेल या शास्त्रज्ञाने १८०० साली तापमापकाच्या मदतीने त्यांचा शोध लावला.

या किरणांनी छायाचित्रेही काढता येतात. झाडांची पाने हे किरण परत फेकतात, म्हणून अशा चित्रात हिरवे झाड बर्फासारखे पांढरेशुभ्र दिसते. फिल्मवर असे चित्र काढायचे, तर खास फिल्म लागते. कोडॅक कंपनीची 'एचआयई' ही अशीच एक फिल्म होती. ती बंद होणार असल्याचे २००७ साली जाहीर झाले.

साध्या फिल्ममध्ये प्रकाश परत फिरू नये म्हणून एक थर असतो. एचआयईमध्ये तो नव्हता. त्यामुळे किरण फिल्ममधून आरपार जात आणि मागच्या पट्टीवर आदळून परत येत. ही पट्टी फिल्म सपाट ठेवते. तिच्यावर ठिपके असले, तर तेच ठिपके चित्रात उमटत! शिवाय, काही कॅमेऱ्यांत फिल्मच्या कडेची छिद्रे मोजण्यासाठी रिमोटसारखाच एक छोटा अवरक्त दिवा असतो. त्याच्या प्रकाशाने फिल्मची कड खराब होते. भिंग कितीही उत्तम असले, तरी हा दोष जात नाही.

म्हणून अशी फिल्म वापरण्यापूर्वी कॅमेरा उघडून मागची पट्टी नीट पाहावी आणि फिल्म पूर्ण अंधारात भरावी. लक्षात ठेवा, आपल्या डोळ्यांना जिथे अंधार दिसतो, तिथे फिल्मसाठीही अंधार असेलच असे नाही.

सांगा पाहू : पट्टीवरचे ठिपके चित्रात का उमटत?