गर्भजल का आटलं, हे विचारा

गर्भजल कमी असल्याचं सोनोग्राफीत निघालं की घरातले सगळे एकच सांगतात: पाणी पी, नारळपाणी घे, डाव्या कुशीवर झोप. मी हे सगळं केलं, पुड्या घेतल्या, सलाईनही लावून झालं. तरी माझं पहिलं बाळ जन्मल्यावर काही तासांतच गेलं. डिस्चार्ज कार्डावर 'फुप्फुसांची वाढ अपुरी' एवढंच लिहून आलं. अपुरी का राहिली, ते त्या दवाखान्यात कुणी सांगितलं नाही आणि मोठी माणसं म्हणाली, आता उकरून काढू नका. दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच घडलं. पण तोवर नवऱ्याची बदली चंडीमंदिरला झाली होती, आम्ही चंडीगडला राहत होतो आणि पीजीआयमध्ये बाळाची मृत्यूनंतरची तपासणी झाली. कारण कळलं ते त्या तपासणीमुळे. असा प्रसंग ज्यांच्यावर येईल त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

चौथ्या महिन्यानंतर बाळाभोवतीचं पाणी म्हणजे मुख्यतः त्याचीच लघवी असते. बाळ ते गिळतं, छातीत ओढतं आणि त्या पाण्याच्या आधारावर फुप्फुसं वाढतात. लघवी तयार झाली नाही की पाणी आटतं, फुप्फुसं खुरटतात, चेहरा दबतो, हातपाय वाकतात. अमेरिकेतल्या एडिथ पॉटर या डॉक्टरांनी १९४६ साली मूत्रपिंडंच नसलेल्या बाळांमध्ये हे चित्र टिपलं होतं. आमच्या बाळांना मूत्रपिंडं होती. जागेवर होती, आकारही ठीक होता. पाचव्या महिन्याची सोनोग्राफी तर दोन्ही वेळा नॉर्मल आली. पाणी कमी झालं ते त्यानंतर. मूत्रपिंडं दिसताहेत म्हटल्यावर सगळ्यांचा संशय पाणी गळण्यावर किंवा वारेवर जातो, तसाच तो गेला.

तपासणीला संमती द्यायची वेळ आली तेव्हा माझ्या सासूबाई आडव्या आल्या. त्या माझ्या सख्ख्या आत्या. "लेकराचे आता हाल करू नका," म्हणाल्या. तरुण रेसिडेंट डॉक्टर वाद घालत बसला नाही. त्याने आत्याचं बोट धरून बाळाच्या डोक्यावरून हलकेच फिरवलं. टाळू जिथे संपायला हवी त्याच्या कितीतरी पुढेपर्यंत मऊच लागत होतं, कवटीची हाडं एकमेकांपासून लांब राहिली होती. "माताजी, पहिल्या बाळाचं डोकंही असंच होतं का?" त्याने विचारलं. पहिल्याला शेवटची अंघोळ आत्यानेच घातली होती. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग मला म्हणाली, "सही कर."

मूत्रपिंडात रक्त गाळणारे बारीक गुच्छ असतात आणि प्रत्येकाला जोडून वळणावळणाची नळी असते. आमच्या बाळाच्या रिपोर्टमध्ये होतं की गुच्छ एकमेकांना खेटून दाटलेले आहेत आणि नळ्यांचा पहिला, सर्वांत भरगच्च दिसणारा भाग जवळजवळ नाहीच. रीनल ट्यूब्युलर डिसजेनेसिस. सोनोग्राफीत हे दिसणं शक्य नव्हतं, सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं.

शरीरात रक्तदाब सांभाळणारी रेनिन-अँजिओटेन्सिन नावाची साखळी असते. तिच्या चार जनुकांपैकी एखाद्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की हा आजार होतो, हे २००५ साली पॅरिसच्या संशोधकांनी दाखवून दिलं. गर्भाचा रक्तदाब इतका खाली राहतो की मूत्रपिंडात गाळायला पुरेसं रक्तच पोचत नाही. बहुतेक बाळं जगत नाहीत, अगदी थोडी डायलिसिस आणि औषधांवर तगली आहेत. आमच्यात बिघाड एसीई या जनुकात निघाला. माझे वडील आणि आत्या सख्खी भावंडं, त्यामुळे एकच बदल दोन वाटांनी आमच्यापर्यंत आला. आम्ही दोघं ठणठणीत आहोत, पण प्रत्येक गर्भाला चारात एक धोका. आपल्याकडे मामाची मुलगी करायची रीत जुनी आहे. माझं नवऱ्यावर प्रेम आहे आणि या लग्नाला मी नावं ठेवणार नाही, पण नात्यात लग्न झालं असेल तर ते डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता पहिल्याच भेटीत सांगा. नात्याबाहेरच्या जोडप्यांतही हा आजार होऊ शकतो, तेव्हा नातं नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

याच साखळीला रोखणाऱ्या गोळ्या हजारो घरांत बीपीसाठी रोज घेतल्या जातात: टेल्मिसार्टन, लोसार्टन, एनालाप्रिल, रामिप्रिल. चौथ्या महिन्यापासून पुढे आईच्या पोटात या गोळ्या जात राहिल्या तर जनुकं चांगली असूनही बाळाच्या मूत्रपिंडाची हीच अवस्था होऊ शकते. तुम्ही यातली गोळी घेत असाल तर दिवस राहण्याआधीच डॉक्टरांकडून बदलून घ्या. मनाने बंद करू नका, गरोदरपणात चालणाऱ्या लॅबेटालॉलसारख्या गोळ्या आहेत.

बाळ गेलं तर त्या घडीला डोकं चालत नाही. म्हणून नवऱ्याला किंवा बहिणीला आधीच सांगून ठेवा की नमुना ठेवायला लावायचा. नाळेतलं रक्त किंवा कातडीचा लहानसा तुकडा जनुक तपासणीसाठी ठेवता येतो, मात्र तो फॉर्मॅलिनमध्ये पडता कामा नये, त्यात डीएनए खराब होतो. पूर्ण शवविच्छेदन मनाला पटत नसेल तर बाळाचा एक्स-रे, फोटो आणि सुईने काढलेला मूत्रपिंडाचा तुकडा एवढ्याला तरी हो म्हणा. अवयव डॉक्टर पुन्हा जागेवर ठेवतात, शिवतात, बाळ कपड्यात गुंडाळून हातात देतात. बाळ अखंड परत मिळणार नाही, ही भीती मलाही होती.

बिघाड नेमका ठाऊक असल्यामुळे तिसऱ्या वेळी बाराव्या आठवड्यात वारेचा कण काढून तपासता आला. नाहीतर आम्ही पुन्हा सहाव्या महिन्यापर्यंत जीव मुठीत धरून बसलो असतो आणि चोवीस आठवड्यांनंतर काही निर्णय घ्यायचा तर २०२१ च्या सुधारित गर्भपात कायद्याप्रमाणे मेडिकल बोर्डापुढे जावं लागलं असतं. त्या तपासणीत बाळाची एकच प्रत बिघडलेली निघाली, म्हणजे आमच्यासारखीच. ती आता बालवाडीत जाते.

माझ्या दिराकडेही हा बदल असण्याची शक्यता निम्मी. त्याच्या तपासणीला नुसतं आजाराचं नाव पुरत नाही, आमच्या रिपोर्टातला नेमका बदल लागतो, म्हणून त्याची प्रत गावी पाठवली आहे. त्याच्यासाठी स्थळं बघणं सुरू आहे. नात्यातलं एक सांगून आलं, तेव्हा पत्रिकेच्या आधी दोघांचं रक्त तपासा, असं आत्यानेच फोनवर सांगितलं.