कॉन्ट्री काढण्याआधी

होस्टेलवर एकत्र राहिलेले आम्ही सहा जण महिन्यातून एकदा पुण्यात जेवायला भेटतो. याला आता वीस वर्षं होत आली. या वीस वर्षांत आम्ही निवडणुकांवरून भांडलो, क्रिकेटवरून भांडलो आणि पुढच्या महिन्यात सगळं विसरून एका टेबलाशी बसलो. फक्त एकदा असं झालं की एक मित्र तीन महिने फिरकला नाही. त्या रात्री कोणी कोणाला चकार शब्द बोललं नव्हतं, नुसतं बिल आलं होतं. तेव्हापासून हा विषय मी मनावर घेतला.

१. भागिले सहा करण्याआधी प्रत्येकाच्या ताटात काय होतं ते आठवावं.

ती शनिवारची रात्र होती, मालवणी हॉटेल होतं. चौघं पीत होते, त्यांत मीही. डॉक्टरची सकाळची ड्यूटी होती आणि मास्तर कधीच घेत नाही. मास्तर म्हणजे आमच्यातला विनाअनुदानित शाळेत शिकवणारा. आम्ही खेकडा मागवला, सुरमई मागवली, दुसरा राउंड मागवला. मास्तरनं एक बांगडा फ्राय, भात आणि सोलकढी घेतली. बडीशेपेच्या वाटीसोबत बिल आलं, ८,३७० रुपये. मी मोबाइलवर भागाकार केला आणि मोठ्यानं सांगितलं, ‘‘तेराशे पंच्याण्णव प्रत्येकी.’’

मास्तरनं पाकीट काढलं. पाचशेच्या दोन नोटा टेबलावर ठेवल्या. मग शंभराच्या तीन, एकेक करून. चौथी पाकिटाच्या आतल्या कप्प्यातून निघाली, चार घड्या घातलेली. ती त्यानं टेबलावर सपाट केली, अंगठ्यानं दाबून दाबून, आणि बाकीच्या नोटांवर ठेवली. मी बघत होतो, पण मला काही कळलं नाही. कळलं ते पुढचे तीन महिने ‘‘जमणार नाही रे, शाळेचं काम आहे’’ असं ऐकल्यावर.

२. जेवणाचं बिल वेगळं, दारूचं वेगळं.

ते बिल माझ्या पाकिटातच राहिलं होतं. एका रात्री काढून बसलो. जेवण ४,२०० रुपये, त्यावर ५ टक्के जीएसटीचे २१०. दारू ३,६०० रुपये, त्यावर १० टक्के व्हॅटचे ३६०. जेवण सहा जणांत वाटलं तर माणशी ७३५. दारू चौघांत वाटली तर त्या चौघांचे आणखी ९९० प्रत्येकी. म्हणजे मास्तर आणि डॉक्टर यांनी ७३५ द्यायचे होते आणि आम्ही चौघांनी १,७२५. न पिणाऱ्या दोघांनी प्रत्येकी ६६० रुपये आमच्या पेल्यांत ओतले होते. आणि जेवणही खऱ्या अर्थानं वाटलं असतं, तर मास्तरचा बांगडा आणि भात ७३५ च्याही खालीच राहिला असता.

हे वेगळं करणं अजिबात अवघड नाही. दारू जीएसटीच्या बाहेर आहे, तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो, त्यामुळे हॉटेलच्या मशीनमध्ये दोन्ही हिशेब वेगळे असतातच. बसल्याबसल्या कॅप्टनला ‘‘ड्रिंक्सचं बिल वेगळं करा’’ एवढं सांगायचं. आम्ही आता दर वेळी सांगतो. आजवर कोणत्याही कॅप्टननं तोंड वाकडं केलेलं नाही.

३. काय ठरवायचं ते मेनूकार्ड उघडण्याआधी.

टीटीएमएम म्हणजे ‘तुझं तू, माझं मी’ करायचं की सगळ्यांत सारखं वाटायचं, हे बिल आल्यावर विचारण्यात अर्थ नाही. ज्याला सारखं वाटणं परवडत नाही, तो त्या वेळी बोलणारच नाही. बोललाच तर बाकीच्यांच्या हातातला घास अडकेल. आधी ठरलेलं असलं की ज्याला खेकडा हवा तो निर्धास्त मागवतो आणि ज्याला नको तो निर्धास्त नको म्हणतो.

मासे खायला गेलात तर आणखी एक. पापलेट, सुरमई, खेकडा यांच्यासमोर बऱ्याच मेनूकार्डांवर भाव नसतो, ‘एपीएस’ लिहिलेलं असतं, म्हणजे आकारानुसार भाव. ‘‘आजचा काय भाव?’’ हे विचारायला संकोच करू नये. आमच्यात हे विचारण्याचं काम वकिलाकडे आहे. तो ताटात मासा आणून दाखवायला सांगतो, भाव विचारतो आणि मग सगळ्यांकडे बघतो. त्या बघण्यात मास्तरचंही मत घेतलं जातं, त्याला वेगळं विचारावं लागत नाही.

४. तारीख ठरवताना कॅलेंडर बघावं. संकष्टीला बोलावलं तर एक जण चंद्रोदयापर्यंत पाणी पीत बसतो आणि श्रावणात बोलावलं तर दोघं पनीरवर येतात. त्यांच्याकडून सुरमईचे पैसे घेणं अन्यायच.

५. बिलाच्या तळाकडच्या ओळी वाचाव्यात.

जेवणावरचा जीएसटी नोव्हेंबर २०१७ पासून, मोठ्या तारांकित हॉटेलांचा अपवाद सोडला तर, ५ टक्के आहे. अडीच केंद्राचा, अडीच राज्याचा. तो द्यायचाच. सर्व्हिस चार्जचं तसं नाही. तो आपोआप बिलात लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्ये सांगितलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं ते उचलून धरलं. बिलात दिसला तर शांतपणे काढायला सांगावा.

पण तो वाचवलेला पैसा खिशात घालू नये. ज्या पोरानं तीन तास आपल्या टेबलाशी फेऱ्या मारल्या, रस्सा गरम करून आणला, त्याच्या हातात टीप रोख द्यावी. ती आम्ही पिणारे-न पिणारे न बघता सारखी काढतो, पन्नास-पन्नास रुपये. फक्त मास्तर कधी कधी शंभर ठेवतो आणि त्याला कोणी अडवत नाही.

६. ‘‘नंतर देतो’’ त्याच रात्री संपवावं.

एकानं कार्डावर भरायचं, बाकीच्यांनी त्याला यूपीआय करायचं, ही सोय उत्तम आहे. पूर्वी सहा जणांच्या हातात पाचशेच्या नोटा आणि सुटे कोणाकडेच नाहीत असा गोंधळ असायचा. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा बंद झाल्या तेव्हा तर आम्ही वकिलाच्या कार्डावर जेवलो आणि त्यानं डायरीत लिहून ठेवलं. आता तसलं काही उरलेलं नाही. तरीही पैसे राहतात. ज्यानं भरले त्याला मागायची लाज वाटते, म्हणून तो दोन-तीनदा सोसतो आणि मग बोलायचा बंद होतो. म्हणून आमचा नियम आहे, गाडीला किल्ली लावण्याआधी पैसे गेले पाहिजेत.

७. घरच्यांसह जाल तेव्हा माणसं मोजावीत, घरं नकोत. एकटा आलेला मित्र आणि बायको-दोन मुलांसह आलेला मित्र यांचा वाटा सारखा कसा असेल? मुलांचा आम्ही अर्धा धरतो.

८. मित्राचे पैसे त्याला न विचारता भरू नयेत.

हे मी सगळ्यात उशिरा शिकलो. मास्तर तीन महिने आला नाही, तेव्हा मी त्याच्या घरी गेलो, त्या रात्रीचे पैसे चुकीचे घेतले असं कबूल केलं. तो ‘‘सोड रे’’ म्हणाला, पुढच्या वेळी आला. त्या वेळी आम्ही पाच जणांनी आपसांत ठरवून त्याचा वाटा परस्पर भरून टाकला. आम्हाला वाटलं, आपण चांगलं केलं. बाहेर पार्किंगमध्ये त्यानं मला बाजूला घेतलं. ‘‘मला माझ्या बांगड्याचे पैसे देता येतात,’’ एवढंच म्हणाला. रागावला नव्हता, म्हणून जास्त लागलं.

त्यानंतर ठरलं की जागा पाळीपाळीनं निवडायची. प्रत्येकाची पाळी सहा महिन्यांनी येते आणि ज्याची पाळी त्याच्या पसंतीचं हॉटेल. गेल्या महिन्यात मास्तरची पाळी होती. त्यानं रविवारी सकाळी नऊला मिसळ खायला बोलावलं. लाकडी बाकं, स्टीलच्या थाळ्या, रश्श्याची बादली घेऊन फिरणारा पोऱ्या. सहा मिसळी ६६० रुपये, सहा ताकं १५० रुपये. डॉक्टरच्या नाकातोंडातून पाणी येत होतं तरी त्यानं रस्सा दोनदा घेतला.

मास्तर हात धुऊन आमच्या आधी उठला आणि गल्ल्याशी गेला. मी खिशाकडे हात नेला, तसा वकिलानं टेबलाखालून माझा गुडघा दाबला. मास्तरनं पाकिटातून नोटा काढल्या, दोनदा मोजल्या, गल्ल्यावर ठेवल्या. उरलेले नव्वद रुपये खिशात टाकून तो परत आला आणि म्हणाला, ‘‘चला, चहा कोण पाजतंय?’’