उष्टे म्हणजे काय?

मुलांनो, या वेळचा शब्द आहे ‘उष्टे’. आम्हाला तो भेटला एका जपानी खाणावळीत.

सॅन होजेचे जपानटाऊन तुम्ही पाहिले असेल. अमेरिकेत अशा जुन्या जपानी वस्त्या आता ३च राहिल्या आहेत. बाकीच्या २ सॅन फ्रान्सिस्को आणि लॉस एंजेलिसला. तिथल्या एका छोट्या, साध्या खाणावळीत आम्ही मुलांच्या आजींना घेऊन गेलो. आजी शाकाहारी, म्हणून आधी चौकशी केली. (पालकांनी लक्षात ठेवावे: मिसो सोयाबीन आंबवून करतात, पण मिसो सूपचे पाणी, म्हणजे ‘दाशी’, बहुधा सुकवलेल्या बोनिटो माशाचे असते. उदोनच्या रश्शातही तेच.) आजींनी काकडीची माकी, कोरा भात आणि एदामामे, म्हणजे सोयाबीनच्या उकडलेल्या कोवळ्या शेंगा, यांवर समाधान मानले.

मधल्या ताटात सगळ्यांसाठी भाज्यांचा तेंपुरा होता. धाकटीने आपल्या चॉपस्टिकनी रताळ्याचा काप उचलला, अर्धा खाल्ला आणि परत ताटात ठेवला.

"अगं, उष्टं झालं ना ते!" आजी म्हणाल्या.

"उष्टं म्हणजे?"

दादाने भाषांतर केले, "लेफ्टओव्हर."

घोटाळा इथेच आहे. जेवून उरले ते उरलेले. कालचे ते शिळे. फोडणीचा भात शिळ्याचाच करतात आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही. ताटाला, हाताला चिकटले ते खरकटे. आणि तोंड लागले ते उष्टे, मग ते आत्ताच कढईतून काढलेले का असेना! मूळ संस्कृत शब्द ‘उच्छिष्ट’. इंग्रजीत याला नेमका शब्द नाही. आजींनी "हे उष्टं आहे का?" विचारले आणि आपण "लेफ्टओव्हर आहे" म्हणालो, तर तो पदार्थ खावा की नाही हे त्यांना कळणार कसे?

वाढणाऱ्या बाईंना मराठी कुठले यायला! पण त्यांनी न सांगता काड्यांची एक कोरी जोडी आणून मधल्या ताटावर ठेवली. आपल्या तोंडच्या काड्या सामाईक ताटात घालणे जपानी रीतीत बसत नाही. वाढून घ्यायच्या काड्या वेगळ्या, त्यांना ‘तोरिबाशी’ म्हणतात. घरी तर प्रत्येकाच्या काड्या आणि भाताचा वाडगा ठरलेला असतो. भातात काड्या उभ्या खोचायच्याही नाहीत, कारण तसा भात मृतासाठी ठेवतात. आजींना हे लगेच पटले. पिंडाचा भात त्यांच्या ओळखीचा.

मात्र ‘उष्टे’ म्हणजे नेहमी टाकाऊ असे नाही. बाळाला पहिला घास भरवतात त्या समारंभाचे नावच ‘उष्टावण’. जपानातही बाळ सुमारे १०० दिवसांचे झाले की ‘ओकुइझोमे’ करतात. एवढेसे बाळ खाणार काय? म्हणून काड्यांनी घास नुसता ओठांना लावतात. म्हणजे अगदी शब्दशः उष्टावतात!

पुढच्या रविवारी येताना आपले उष्टावण कुठे झाले, घास कोणी भरवला आणि कशाचा, हे घरी विचारून ५ ओळी लिहून आणा. त्यासाठी आजी-आजोबांना फोन करावा लागला तर फारच उत्तम.