स्टार लावलास, पण काय काय सापडलं ते बघितलंस का?

अगं, एवढं काय वैतागायचं त्यात? कोड तुझा बरोबरच आहे. तू अक्षरं डोळ्यांनी मोजलीस आणि पायथॉन ती वेगळ्याच हिशोबानं मोजतो, एवढंच.

नावं जुळवणाऱ्या एफएनमॅचमध्ये एका प्रश्नचिन्हाला एक अक्षर, म्हणून ‘??’ लिहिलं की ‘स्मिता’ सापडेल असं तुला वाटलं, कारण दिसतात दोनच अक्षरं. यूनिकोडमध्ये मात्र ती सहा आहेत: स, हलन्त, म, वेलांटी, त, काना. म्हणजे प्रश्नचिन्हंही सहा लागणार. ‘कमल’ला तीन पुरतात, ‘मीरा’ला चार. म्हणून मराठी नावांना प्रश्नचिन्हं मोजत बसूच नये, असं माझं स्पष्ट मत. सरळ ‘स्मि*’ लिही आणि मोकळी हो. ‘*त’ लिहून मात्र तिची वाट बघू नकोस, शेवटी काना आहे ना! आकड्यांचंही तेच. ‘[0-9]’ला ‘२०२४’मधला एकही आकडा सापडत नाही, तिथे ‘[०-९]’च लागतं.

आणि हा स्टार, बाई, भलताच उदार. समोर काही नसलं तरी त्याला चालतं. ‘निकाल*’मध्ये नुसतं ‘निकाल’ येतं, तसंच ‘निकाल-जुना-पुसू-नये’ही येतं. त्यात एफएनमॅचमधला स्टार तिरकी रेघसुद्धा ओलांडून पुढच्या फोल्डरच्या नावात शिरतो. टिंबानं सुरू होणारी लपवलेली नावंही उचलतो. फायली शोधणाऱ्या ग्लॉबमधला साधा स्टार या शेवटच्या दोन्ही गोष्टी करत नाही. म्हणून फायली पुसायचा कोड लिहिशील तेव्हा रिमूव्हच्या जागी आधी प्रिंट लाव आणि सगळी यादी नीट वाच. कंटाळा आला तरी वाच.

रेजेक्स शिकली आहेस म्हणून तिथलं डोकं इथे चालवू नकोस. तिथे स्टार आधीच्या अक्षराला पुन्हा पुन्हा घेतो, इथे तो स्वतःच काहीही होतो. टिंब इथे नुसतं टिंब.

हो, आणि विंडोजवर एफएनमॅच इंग्रजीतली लहान-मोठी अक्षरं एकच धरतं, लिनक्सवर नाही. घरी चाललेलं ऑफिसात अडलं तर आधी हे तपास. दोन्हीकडे काटेकोर फरक हवा असेल तर एफएनमॅचकेस वापर.

राहता राहिला तो शेऱ्यांचा रकाना, जिथे कुणी ‘फी भरली?’ असं लिहून ठेवलंय. खरंखुरं प्रश्नचिन्ह शोधायचं तर ते चौकटी कंसात घाल: ‘*[?]’. आता चालव बघू.